ऑनलाइन केळी विकायची? आधी प्रत, वजन आणि पैशाचं ठरवा



प्रशिक्षणाच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "सर, शेतकऱ्याचा माल थेट खरेदीदाराला विकणारं ॲप काढायचं आहे. किती खर्च येईल?" तरुण मुलं, शेतकऱ्यांचीच मुलं. दलालाच्या नावाने ओरड लहानपणापासून ऐकलेली. मोबाईल हातात आहे, मग मधला माणूस काढून टाकू, असं त्यांना वाटतं.

विचार चांगला आहे. पण ॲपला किती खर्च येईल हा पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न असा: दलाल नेमकी कोणती कामं करतो, आणि तो नसेल तर ती कामं कोण करणार? याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर धंदा आहे. नसेल तर ॲप कितीही छान बनवा, त्यावर सौदा होणार नाही.

हे समजून घ्यायला सावद्याइतकं चांगलं गाव नाही. रावेर तालुका, केळीचा पट्टा, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरचं गाव. सावदा स्टेशनवरून केळी रेल्वेने दिल्लीला जायची, आजही सावदा म्हटलं की केळीच आठवते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे माल आहे, नाव आहे, रस्ता आहे, रेल्वे आहे. तरी ऑनलाइन विक्री गव्हा-हरभऱ्यासारखी सोपी का नाही? चला, एकेक गोष्ट बघू.

केळी बाजारात येत नाही, बाजार केळीकडे जातो

सोयाबीन किंवा तूर असेल तर शेतकरी ट्रॅक्टर भरून बाजार समितीत जातो. ढीग लागतो, व्यापारी हात घालून दाणे बघतात, लिलाव होतो, माप होतं, पट्टी मिळते.

केळीचं तसं नाही. बाग तयार झाली की शेतकरी आधी बोलणी करतो. व्यापाऱ्याचा माणूस बागेत येऊन घड बघतो. कापणीचा दिवस ठरतो. मजूर येतात, घड कापतात, वाहून आणतात, वजन होतं, गाडी भरते आणि तिथूनच उत्तरेकडे निघते. माल बाजार समितीच्या आवाराचं तोंडही बघत नाही.

भावाचंही असंच. रोजचा भाव जाहीर होतो, शेजारच्या बऱ्हाणपूरचा भाव कळतो, व्हॉट्सॲपवर फिरतो. नवती बागेचा भाव वेगळा, पिलबागेचा वेगळा, कमी प्रतीच्या वापसी मालाचा आणखी वेगळा. पण जाहीर झालेला भाव आणि प्रत्यक्ष बांधावर मिळालेला भाव यात फरक पडतो. तुमच्या गावात कोणालाही विचारा, तक्रार हीच असते. "भाऊ, भाव तर मोबाईलवर दिसतो, पण त्या भावाने घेतो कोण?"

या एका वाक्यात सगळं आलं. शेतकऱ्याला भाव माहीत नाही, ही आजची अडचण नाही. बाग कापणीला आली आहे, उन्हाळ्यात वादळाची भीती आहे, हिवाळ्यात थंडीने साल काळवंडते, आणि माल साठवून ठेवता येत नाही. म्हणून समोरचा म्हणेल त्या भावाने द्यावी लागते. नुसता भाव दाखवणारं ॲप ही अडचण सोडवत नाही.

ई-नाम काय करतं आणि केळीपाशी कुठे अडतं

सरकारी प्लॅटफॉर्मपैकी सगळ्यात मोठं म्हणजे ई-नाम, राष्ट्रीय कृषी बाजार. १४ एप्रिल २०१६ रोजी ८ राज्यांतल्या २१ बाजार समित्यांपासून ते सुरू झालं. आज देशभरातल्या १,३०० हून अधिक बाजार समित्या त्याला जोडलेल्या आहेत आणि महाराष्ट्रातल्याही शंभरावर आहेत.

त्याची पद्धत नीट लक्षात घ्या, कारण तुमचा धंदा याच पायऱ्यांमध्ये लपलेला आहे:

१. फाटकावर मालाची नोंद आणि लॉट नंबर.
२. प्रयोगशाळेत मालाची प्रत तपासणी.
३. स्क्रीनवर बोली, म्हणजे ऑनलाइन लिलाव.
४. बोली मान्य झाली की वजन.
५. सौद्याचा कागद आणि बिल.
६. पैसे थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात.
७. मग माल बाहेर.

बघा, सातपैकी लिलावाची पायरी एकच आहे. बाकीच्या सहा पायऱ्या प्रत, वजन, कागद आणि पैसे यांच्या आहेत. लांबच्या व्यापाऱ्याने न बघता बोली लावावी असं वाटत असेल, तर या पायऱ्या पक्क्या असाव्या लागतात. त्या ढिल्या राहिल्या तर स्क्रीनवर बोली लावणारे तेच स्थानिक चार व्यापारी राहतात.

आता केळी. फाटकावर माल येतच नाही, मग लॉट कुठे पाडणार? तपासणी बागेत करावी लागेल. घड आधी कापून ठेवला आणि सौदा फिसकटला तर माल वाया. न कापता बोली लावली तर खरेदीदाराने विश्वास कशावर ठेवायचा? अडचण इथे आहे.

एक मार्ग मात्र उघडा आहे. एप्रिल २०२० मध्ये ई-नामवर शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी वेगळी सोय आली. कंपनी आपल्या संकलन केंद्रावरूनच मालाचे फोटो आणि प्रतीची माहिती टाकून बोली मागवू शकते, माल आवारात नेण्याची गरज नाही. केळीसारख्या पिकाला बसणारी रचना हीच. पण त्यासाठी संकलन केंद्र हवं, आणि खरी प्रत लिहिणारा माणूस हवा.

ई-चौपालचा धडा

जून २००० मध्ये आयटीसी कंपनीने मध्य प्रदेशातल्या सोयाबीन पट्ट्यात ई-चौपाल सुरू केलं. गावातल्या एका शेतकऱ्याच्या घरी संगणक बसवला, त्याला 'संचालक' म्हटलं. शेतकऱ्याला भाव आधीच घरबसल्या कळू लागला.

लोक म्हणतात, बघा, इंटरनेटने क्रांती केली. पण शेतकरी तिकडे वळला त्याची कारणं साधी होती. कंपनीच्या केंद्रावर इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन व्हायचं, तपासणी डोळ्यासमोर व्हायची आणि पैसे लगेच मिळायचे. पोत्यामागे सांडलवंड, कटती हे प्रकार कमी झाले. संगणकाने भाव सांगितला, पण विश्वास बसला तो काट्यावर आणि रोख पैशावर.

दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची. कंपनीने जुन्या अडत्यांना हाकलून दिलं नाही. त्यांना 'संयोजक' म्हणून सोबत घेतलं. कारण गावातली ओळख, मालाची पारख आणि वाहतुकीची जुळवाजुळव त्यांच्याकडेच होती. पहिल्याच दिवशी "दलाल हटवा" अशी पाटी लावणाऱ्या मुलांनी हे लिहून ठेवावं.

मग दलाल करतो काय? यादी करा

राग बाजूला ठेवा आणि कागदावर लिहा:

- बाग बघून माल कितपत निघेल, कोणत्या प्रतीचा निघेल, याचा अंदाज देतो.
- कापणीचे मजूर आणि गाडी एकाच दिवशी जुळवतो.
- दिल्ली, पंजाब, उत्तर प्रदेशातला कोणता व्यापारी पैसे देतो आणि कोणता बुडवतो, हे त्याला माहीत असतं.
- पैसे यायच्या आधी शेतकऱ्याला उचल देतो.
- माल खराब निघाला तर दोन्ही बाजूंशी बोलून तडजोड करतो.

यातलं एकही काम ॲप आपोआप करत नाही. दलाल यातून गैरफायदाही घेतो, भाव पाडतो, वजनात मारतो, पैसे लांबवतो, हेही खरं आहे. पण त्याच्यावर मात करायची तर ही पाच कामं त्याच्यापेक्षा स्वच्छ आणि लेखी करावी लागतील. सावद्यात, फैजपुरात, रावेरात तुमच्यासाठी संधी आहे ती इथे.

तुम्ही कोणती सेवा विकू शकता?

स्वतःचा प्लॅटफॉर्म काढायची गरज नाही. आहेत त्या प्लॅटफॉर्मना आणि खरेदीदारांना जमिनीवरचा माणूस हवा असतो. तो माणूस तुम्ही व्हा.

*बाग तपासणी आणि प्रत अहवाल.* कापणीच्या ४-५ दिवस आधी बागेत जा. दहा-बारा ठिकाणचे घड बघा: फण्या किती, फळाची लांबी आणि जाडी किती, डाग किती, पक्वता किती. तारीख-वेळ येईल असे फोटो आणि छोटा व्हिडिओ घ्या. एका पानाचा अहवाल करा आणि वाईट गोष्टही लिहा. तुमच्या अहवालात डाग लिहिलेले दिसले की चांगल्या मालाच्या अहवालावर खरेदीदार विश्वास ठेवतो.

*कापणी, पॅकिंग आणि गाडी भरणं.* परदेशी खरेदीदाराला घड नको असतो. धुतलेल्या, निवडलेल्या फण्या खोक्यात हव्या असतात, आखातात साधारण १३ किलोचं खोकं चालतं. २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीतून मानांकन मिळालेली जळगाव केळी दुबईला गेली, त्यामागे अशीच निवड आणि पॅकिंगची शिस्त होती. प्रशिक्षित मजुरांची दहा जणांची टोळी तुमच्याकडे असेल तर निर्यातदार स्वतः फोन करतील.

*उत्पादक कंपनीचं ऑनलाइन काम.* गावोगावी शेतकरी उत्पादक कंपन्या झाल्या आहेत, केंद्राची १०,००० कंपन्यांची योजना २०२० पासून आहे. अनेक ठिकाणी नोंदणी झाली, पण रोजचं काम करणारा माणूस नाही. ई-नामवर लॉट टाकणं, बिलं करणं, सभासदांचे हिशोब ठेवणं, हे काम मासिक मानधनावर घेता येतं. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स २०१० मध्ये शेतकरी कंपनी म्हणून उभी राहिली. द्राक्षासारख्या नाजूक पिकात ती टिकली, कारण तिथे माल गोळा करण्यापासून पॅकिंगपर्यंतची व्यवस्था कंपनीची स्वतःची आहे.

*वापसी मालावर प्रक्रिया.* कमी प्रतीचा माल खोक्यात जात नाही. वेफर्स, केळीचं पीठ असे पदार्थ टिकतात. ऑनलाइन विकायला ताज्या घडापेक्षा हे पदार्थ सोपे आहेत. ओएनडीसीसारख्या खुल्या नेटवर्कवर किंवा स्वतःच्या पेजवर छोटी पाकिटं विकून सुरुवात करता येते.

आता हिशोब. हा भाग दोनदा वाचा

खालचे आकडे समजण्यासाठी धरले आहेत, तुमच्या गावचे आकडे तुम्ही टाका.

एक गाडी धरू १०० क्विंटलची. भाव धरू १,५०० रुपये क्विंटल. मालाची किंमत झाली १,५०,००० रुपये.

तुम्ही तपासणी आणि भरणीच्या सेवेचे क्विंटलला ३० रुपये घेता. एका गाडीमागे ३,००० रुपये मिळाले. पेट्रोल, मदतनीस, फोन, कागद असा खर्च १,५०० रुपये. हातात राहिले १,५०० रुपये. महिन्याला २० गाड्या केल्या तर ३०,००० रुपये. एका तरुणासाठी वाईट सुरुवात नाही.

आता समजा, तुम्ही म्हणालात, "दादा, पैशाची काळजी करू नका, मी देतो." तुम्ही शेतकऱ्याला पैसे दिले, किंवा देण्याचा शब्द दिला. आणि बाहेरगावच्या खरेदीदाराने फोन बंद केला. एक गाडी बुडाली, म्हणजे दीड लाख गेले. गाडीमागे दीड हजार कमाई, म्हणजे १०० गाड्यांची मेहनत एका गाडीत गेली. पाच महिने फुकट.

पैसे जाण्यापेक्षाही वाईट गोष्ट अशी की ज्याची बाग होती तो तुमच्याच गावचा असतो. त्याने जवळपास वर्षभर ती बाग सांभाळलेली असते, रोपं, ठिबक, खत, वीजबिल सगळं उधारीवर. त्याचे पैसे अडकले तर त्याच्या घरचं लग्न अडतं, सोसायटीचा हप्ता थकतो. त्यानंतर तुमच्या अहवालावर त्या शिवारात कोणी सही करणार नाही.

म्हणून सुरुवातीची दोन वर्षं एक नियम पाळा: सेवा विका, माल उधारीवर खरेदी करू नका.

पैशाचे पाच नियम

१. गाडी सुटण्याआधी मोठा हिस्सा, समजा ७० ते ८० टक्के, शेतकऱ्याच्या खात्यात जमा झालेला हवा. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेचं खातं उघडून बघा.

२. उरलेली रक्कम कधी द्यायची, ती तारीख सौद्याच्या कागदावर लिहा. "माल विकला की देतो" असं लिहू नका.

३. वजन कुठल्या काट्यावर धरायचं, हे आधी ठरवा. भरताना भुईकाट्याची पावती घ्या, तिचा फोटो तिघांच्या ग्रुपवर टाका: शेतकरी, खरेदीदार, तुम्ही.

४. मालाबद्दल तक्रार करायची मुदत ठरवा. गाडी उतरल्यापासून अमुक तासांत, फोटोसह. चार दिवसांनी आलेलं "माल काळा निघाला" हे मान्य करायचं नाही, हे आधीच लिहिलेलं असावं.

५. नवा खरेदीदार असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून नाव आणि पत्ता जुळतो का ते बघा. ही तपासणी कोणालाही फुकट करता येते. "आमच्याकडे नोंदणीसाठी आधी पाच हजार भरा, मग रोज दोन गाड्या घेतो" असं म्हणणाऱ्याला हात जोडा.

काही प्लॅटफॉर्म पैसे मधल्या खात्यात अडकवून ठेवतात, म्हणजे खरेदीदार आधी भरतो आणि माल पोचला की शेतकऱ्याला सुटतात. याला एस्क्रो म्हणतात. अशी सोय असेल तर तिचे थोडे पैसे मोजावे लागले तरी घ्या.

कागदपत्रं आणि कायदा थोडक्यात

महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यावरचं नियमन उठलं. त्यामुळे बांधावरून थेट विक्रीला वाट मोकळी आहे. तरी तुमच्या कामाला नेमका कोणता परवाना लागतो, हे स्थानिक बाजार समिती आणि पणन मंडळाच्या कार्यालयात विचारून घ्या आणि उत्तर लेखी मागा.

ताज्या केळीवर जीएसटी नाही, पण वेफर्ससारख्या पदार्थांवर आहे. खाद्यपदार्थ बनवणार असाल तर अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी घ्यावीच लागते. निर्यात स्वतः करायची तर आयात-निर्यात कोड आणि अपेडाची नोंदणी लागते. पहिल्या वर्षी निर्यातदाराला सेवा द्या, कोडच्या मागे लागू नका.

वाहतुकीबद्दल एक सूचना. २०२०-२१ मध्ये किसान रेल्वेतून इथली केळी दिल्लीच्या आदर्शनगरला गेली, तेव्हा भाड्यात ५० टक्के सवलत होती. सवलत असेल तेव्हा जरूर घ्या. पण धंद्याचा हिशोब पूर्ण भाडं धरूनच मांडा. सवलत बंद झाली की धंदा बंद, असं होऊ देऊ नका.

पहिल्या ३० दिवसांत काय कराल?

पहिला आठवडा: रोज जाहीर भाव आणि बांधावर प्रत्यक्ष मिळालेला भाव वहीत लिहा. किमान दहा शेतकऱ्यांचे. फरक किती आणि का पडला, तेही लिहा.

दुसरा आठवडा: पाच कापण्या उभं राहून बघा. मजुरांशी बोला, काट्यावर थांबा. काही बोलू नका, फक्त बघा.

तिसरा आठवडा: एका पानाचा प्रत अहवाल तयार करा. तीन बागांचा फुकट करून द्या. कापणीनंतर तुमचा अंदाज आणि खरा निघालेला माल जुळतो का ते तपासा. जुळेपर्यंत पैसे मागू नका.

चौथा आठवडा: तो अहवाल घेऊन एका उत्पादक कंपनीकडे, एका निर्यातदाराकडे आणि हो, एका जुन्या दलालाकडेही जा. तिघांना एकच विचारा: "असा अहवाल मिळाला तर क्विंटलला किती द्याल?"

तिघांपैकी एकाने जरी आकडा सांगितला, तर तुमचा धंदा सुरू झाला. ॲपचा खर्च त्यानंतर विचारा, तेव्हा ॲपमध्ये काय हवं हे तुम्हाला बनवणाऱ्यापेक्षा जास्त कळत असेल.

वही आजच घ्या. उद्या सकाळी कुठल्या बागेत कापणी आहे, ते शेजारच्या काकांना विचारा आणि जाऊन उभे राहा.